नाडीवाले मिस्त्री

मिस्त्रींना एके काळी सगळे नाडीवाले म्हणत. चालू ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ते उजवा तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "तीन नंबरचं सिलिंडर मारत नाहीये." खोलून पाहिलं की तीन नंबरच निघायचं. एका घरी मात्र हात जरा जास्तच वेळ बॉनेटवर राहिला, कारण मडगार्डवर मालकाची मुलगी बसली होती. पुढे तिच्याशीच लग्न झालं. "बिघाड यांना मिनिटभरात कळला होता," असं ती अजूनही पाहुण्यांना सांगते, "पण पाऊण तास हात काही उचलला नाही."

लग्न झालं, बांधलेल्या पगाराची गरज पडली आणि मिस्त्री फाउंड्रीत लागले. बत्तीस वर्षं त्यांनी ओतीव लोखंडाच्या कडा ग्रायंडरने घासल्या. ग्रायंडर दिवसभर हातात थरथरायचा. आधी थंडीत बोटं पांढरी पडू लागली, मग बाराही महिने. निवृत्त होईपर्यंत हातांना गार-गरमसुद्धा कळेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, "नसा कामातून गेल्यात. हे परत येणारं नाही." मिस्त्री नुसतं "बरं" म्हणाले आणि चपला घालून बाहेर आले. वाईट वाटायला हवं होतं, पण तेही वाटलं नाही. घरी येऊन त्यांनी बिघडलेल्या मिक्सरचा प्लग बदलला.

मग एक दिवस त्यांनी सासऱ्यांचा तोच ट्रॅक्टर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकला. इतका गंजलेला, की मूळ रंग कुठला यावर नवरा-बायकोचं आठवडाभर वाजलं. वेळ जात नाही म्हणून आणला, असं त्यांनी सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. या इंजिनाचा ठोका सगळ्यांत दणदणीत. ते चालू करून बॉनेटवर हात ठेवायचा. तोही ठोका कळला नाही, तर हात संपले. एवढं एकदा पाहून घ्यायचं होतं.

पिस्टन जाम होते. वरून रॉकेल आणि तेल ओतायचं, लाकडी ठोकळा ठेवायचा आणि हातोडीचा बेताने एक घाव घालायचा, असं तीन आठवडे चाललं. ते सुटले. पण जोडणी सुरू झाली आणि पहिलाच बोल्ट वाकडा बसला. बोटांना पत्ता नाही. मिस्त्री पाना रेटत राहिले आणि आटे गेले. तो बोल्ट त्यांनी रद्दीच्या खाली लपवला. नापास झालेलं प्रगतिपुस्तक बरं अशाने कधी लपलं आहे?

दुसऱ्या दिवशी बायको भांडी आवरून शेडमध्ये आली आणि स्टूल ओढून बसली.

"बोल्ट मी लावते. तुम्ही घट्ट करा."

"तुला नाही जमायचं."

"अहो, घरातल्या बरण्यांची झाकणं कोण लावतं?"

मिस्त्रींनी बोल्टांचा डबा तिच्याकडे सरकवला. तिथून पुढे प्रत्येक बोल्टचे पहिले तीन फेरे तिच्या बोटांचे आणि उरलेले यांच्या पान्याचे. रद्दीतल्या बोल्टचं नाव तिनेही काढलं नाही.

सात महिने गेले. एका सकाळी इंजिनाने काळा धूर ओकला, मग ते दोनदा खोकलं आणि चालू झालं. शेडचे पत्रे वाजू लागले. शेजारी भिंतीवरून डोकावून हसले आणि गेले. मिस्त्रींनी हात पुसला, बॉनेटवर ठेवला आणि डोळे मिटले.

काही नाही. त्यांनी तळहात पुढे सरकवला. आणखी पुढे.

"लागतोय का ठोका?" बायकोने विचारलं.

"हो. अगदी पहिल्यासारखा."

तिने पाहिलं. बॉनेटमधून वर आलेल्या सायलेन्सरच्या नळीला त्यांचा अर्धा तळहात टेकला होता. इंजिन चालू होऊन दहा मिनिटं झाली होती. तिने मनगट धरून हात ओढला. कातडी लाल झाली होती, एका जागी फोड धरत होता. मिस्त्री त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसे पाहत राहिले.

पाण्याची बादली आणून तिने हात त्यात बुडवला आणि एका हाताने धरून ठेवला. दुसरा तळहात तिने बॉनेटवर टेकवला. डोळे मिटले.

"मधेच एक ठोका गाळतंय हो."

"तीन नंबर," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या घरी तेव्हाही तोच होता."

"थांबा, बघू द्या."

ती तशीच उभी राहिली. पाण्यातल्या हाताला पाणी कळत नव्हतं, तिची पकडही कळत नव्हती. मिस्त्री तिच्या बॉनेटवरच्या बोटांकडे बघत होते.

"पाऊण तास ठेवू नकोस," ते म्हणाले. "गरम होतं ते."