मामांचा जड हात

आमच्या घरात सुनेने सासऱ्यांना 'मामा' म्हणायची पद्धत आहे, म्हणून मल्हारी खरात हे माझे मामा. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून त्यांची उभी हयात गेली. पंजा असा, की माझी दोन्ही मनगटं त्यात आरामात मावतील. एखादी गाडी हटून बसली की मामांना हाक जायची. ते बॉनेट उघडून आत काय करायचे कोण जाणे, पण गाडी घर्र करून सुरू व्हायची. हे सगळं मी ऐकलेलं. मी डोळ्यांनी पाहिलं ते रिटायर झाल्यानंतरचं, घरातलं, आणि ते काही फार कौतुकाचं नव्हतं.

बेसिनचा नळ जरासा ठिबकत होता. "थोडा टाईट करतो," म्हणून मामा उठले आणि दुसऱ्या मिनिटाला नळ त्यांच्या हातात होता, पाणी छताला. कुकरचा कान ढिला होता, तो टाईट केला, कान गेला. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांच्या चष्म्याची काडी सैल झाली होती, तर मामांनी एका चष्म्याचे दोन करून दिले. त्या दिवशी आत्यांनी घरात फर्मान काढलं, "ह्यांनी आता कशालाही हात लावायचा नाय. बसून पेपर वाचा."

मामा बसून पेपर वाचायला लागले. जाहिराती, निधनवार्ता, टेंडरनोटिसा, सगळं वाचून काढायचे आणि मग उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. मला कामात लुडबुड झालेली खपत नाही, त्यामुळे मी करवादायचे. पण खरं सांगते, मला त्यांचं वाईटही वाटायचं. हाताला काम नसलेला माणूस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वागायला लागतो, आणि मामांचं तसंच झालं होतं.

मी घरी बसून डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, असलं. यंदा आमच्या उपनगरातल्या विहाराची जयंतीची स्मरणिका माझ्याकडे आली होती. लेख सुरळीत लागले. फोटो टाकायला घेतले आणि कॉम्प्युटरने मान टाकली. एक फोटो उघडला की मशीन हँग. मी चहा टाकायचे, उकळायचा, पिऊन व्हायचा, तरी पडद्यावरचं ते चक्र गरगर फिरतच असायचं.

माझा नवरा ललित नोकरीसाठी मालेगावला असतो, रविवारी घरी येतो. तो फोनवर म्हणाला, "रॅम कमी पडतेय. दुकानात नेऊन वाढवून घे." गंगापूर रोडवरच्या दुकानात गेले, सोबत मामा. ते बिचारे पिशवी धरायला म्हणून आले होते. दुकानात कळलं, की बसवणारा कारागीर गावाला गेलाय, मशीन ठेवून जा, पुढच्या आठवड्यात मिळेल. तोवर जयंती उलटून गेली असती. माझा चेहरा पाहून काउंटरवरची रोशनी म्हणाली, "ताई, घरी पण बसवता येते हो. अवघड काहीच नाही. मशीन बंद करायचं, प्लग काढायचा, खाच बघून सरळ बसवायची. फक्त फार नाजूक असते हं! सोनेरी कडेला बोट लावायचं नाही. आणि हात घालण्याआधी लोखंडाला हात लावून अंगातला करंट घालवायचा."

मामा एकेक शब्द कान देऊन ऐकत होते. मी रॅम विकत घेतली आणि आम्ही घरी आलो. मी ती हिरवी पट्टी टेबलावर ठेवली आणि मशीनकडे बघत उभी राहिले. पडद्याच्या अलीकडचं मला सगळं येतं, पण कॉम्प्युटरची पेटी उघडायची म्हटलं की मी दोन पावलं मागे सरते. तेव्हा मामा मागून हळूच म्हणाले, "मी बघू का?"

मला नळ आठवला. नाही म्हणायला मी वळले आणि त्यांचा चेहरा बघितला. परवानगी मागायची सवय नसलेला माणूस परवानगी मागत होता. माझ्या तोंडून "बघा" निघून गेलं.

नेमका तेव्हाच ललितचा फोन आला, आणि मी तो स्पीकरवर घेतला. "बसवली का? हे बघ, काय वाटेल ते कर, पण बाबांच्या हातात देऊ नकोस!" मामा स्क्रूड्रायव्हर घेऊन शेजारीच उभे होते. "ऐकू आलं मला," ते म्हणाले. मी फोन बंद केला.

मग मामांनी जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. नखं कापली. साबणाने हात धुतले, पुसले, परत धुतले. दिवाणावर धुतलेली चादर अंथरली आणि त्यावर पेटी आडवी ठेवली. सायकलच्या पंपाने आतली धूळ उडवली. खिडकीच्या गजाला हात लावून अंगातला करंट घालवला, आणि खात्री व्हावी म्हणून दुसऱ्या गजालाही लावला. तान्ह्या बाळाला उचलावं तशी पट्टी दोन बोटांत धरली, खाच जुळवली, जागेवर टेकवली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "बसली," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. आणि आतून टूँऽ टूँऽ टूँऽ असं केविलवाणं रडणं सुरू झालं.

आत्या स्वयंपाकघरातून धावत आल्या. "मोडला ना? सांगत होते मी!"

मामांनी स्वतःच बटण बंद केलं. दिवाणाच्या कडेला बसले आणि दोन्ही पंजे मांड्यांखाली सरकवून दिले. "संध्या, माझी चूक झाली. उद्या कुठल्या तरी दुकानात नेऊन दे. मी परत कशाला हात लावणार नाय." ते हे रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्या क्षणी स्मरणिकेचं काय होणार, हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

मी रोशनीला फोन लावला. "कड्या लागल्या का दोन्हीकडच्या?" तिने विचारलं. मोबाईलचा उजेड पाडून बघितलं. पट्टीच्या दोन टोकांच्या दोन्ही पांढऱ्या कड्या उघड्याच होत्या. "मग बसलीच नाही अजून, ताई. प्लग काढा आणि जोरात दाबा. घाबरू नका, चांगला जोर लागतो. कट् असा आवाज आला पाहिजे."

मी दोन अंगठ्यांनी दाबलं. खालचा बोर्ड वाकला, मी ओरडून हात काढून घेतला.

"मामा, या."

"नाय."

"मला जमत नाहीये."

"मघाशी ती पोरगी म्हणली नाजूक हाय, म्हून मी नुसती टेकवली. आता म्हणती जोर लावा. माणसानं ऐकायचं तरी कुणाचं?"

"आता माझं ऐका. दाबा."

"आन् मोडली तर?"

"मोडली तर मोडली. मशीन माझं आहे, मी सांगते आहे. तुमच्यासारखा जोर ह्या घरात दुसऱ्या कुणाला आहे का?"

मामांनी आत्यांकडे बघितलं. आत्या पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या, पण नको म्हणाल्या नाहीत. मामा उठले. दोन्ही अंगठे पट्टीच्या दोन टोकांवर ठेवले, डोळे मिटले आणि खांद्यातून जोर दिला.

कट्. आणि लगेच दुसरीकडे, कट्.

या वेळी मशीन एकदाच बारीक आवाजात बोललं आणि पडदा उजळला. मी स्मरणिका उघडली. महिला मंडळाचा फोटो टाकला, आला. लेझीम पथकाचा टाकला, तोही आला. गेल्या जयंतीच्या मिरवणुकीचे एकामागून एक टाकत गेले, चक्र काही फिरलं नाही. मी टाळ्या वाजवल्या, अगदी पोरीसारख्या. मामा पडद्याकडे बघतच नव्हते. ते स्वतःचे अंगठे बघत होते.

मी ललितला फोन केला. "घरीच बसवली. मामांनी."

पलीकडून आधी "काय?" मग सावध आवाजात, "चालू आहे?"

मामांनी माझ्या हातातून फोन घेतला. "चालू हाय. तू तिकडं येळेवर जेवत जा," म्हणाले आणि फोन परत दिला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून काहीतरी फरफटत आणल्याचा आवाज आला. आत्या आपलं शिलाई मशीन ओढत बाहेर आणत होत्या. त्यांनी ते मामांच्या पुढ्यात उभं केलं आणि वरचं कापड काढलं.

"चाकावरची चामड्याची वादी ढिली झालीय. पाय मारला तर नुसती घसरती. हातानं चाक फिरवून शिवत होते."

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"लय दिवस झाले."

"मग सांगितलं का नाय?"

आत्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बसा. बघा जरा."