बाईंचा छंद आणि आमचे उपक्रम

चौगुले बाई गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा : ‘सांगलीत? सांगलीत कशाला गेल्या होत्या?’ रविवारची सकाळ होती. फोनवर सांगलीहून त्यांची थोरली बहीण होती. आपण कोण ते तिनं सांगितलं, पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, हेही सांगितलं. आणि ज्या बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर मी उमेदीची सगळी वर्षं काढली त्यांच्या मरणाची बातमी ऐकून मी विचारलं काय, तर सांगलीत कशाला. मग ती म्हणाली, ‘घर हाय न्हवं तिचं हितं.’ फोन ठेवला आणि माझं मलाच कसंतरी झालं. रजेचा अर्ज न देता मुख्यालय सोडणाऱ्या शिक्षकाला विचारावा तसा तो प्रश्न होता. माणूस गेलं तरी माझ्यातला मुख्याध्यापक जागचा हलला नव्हता.

साताऱ्यातल्या आमच्या शाळेत आम्ही दोघं एकाच जूनमध्ये रुजू झालो. मी काही दिवस आधी आणि त्या नंतर, एवढ्याशा ज्येष्ठतेवर पुढं मी मुख्याध्यापक झालो आणि त्या विज्ञानाच्या बाईच राहिल्या. त्याचं त्यांना काही वाटत नसे. ‘बरं झालं सर, ती खुर्ची मला टोचली असती,’ म्हणायच्या. लग्न केलं नाही. आई होती तोवर आई, नंतर शाहूपुरीतल्या भाड्याच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या, आणि समोर ती गच्ची. नोकरी कशी असते हे शिक्षकांना सांगायला नको, इतरांना सांगून पटत नाही. ओळीनं तास, मग बदली तास, मग खिचडीची चव, मतदार यादीचं काम, संगणकावर भरायची माहिती आणि ती भरून झाली की तीच माहिती पुन्हा नव्या तक्त्यात. पाच वाजता बाई वर्गातून यायच्या तेव्हा त्यांचा आवाज बसलेला असायचा, पदराला खडू. पण पर्समधून क्रोशाची सुई निघाली की चेहरा निवळायचा. बसल्या बसल्या रुमालाची कड पुरी व्हायची. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या मुलींच्या रुखवतात बाईंच्या हातचं काहीतरी मांडलेलं असे.

घरी गेल्या की गच्ची. तेलाचे डबे, फुटके माठ, रंगाच्या बादल्या, सगळ्यात काहीतरी उगवलेलं, आणि स्वतः विणलेल्या सुतळीच्या शिंक्यांत लोंबणाऱ्या कुंड्या. सांगलीकडचं जैन घर, त्यामुळं जमिनीखालचं काही लावायच्या नाहीत. आमचे गणिताचे मास्तर मुद्दाम डिवचायचे, ‘बाई, एवढी माती आणलीय तर बटाटे तरी लावा.’ ‘तुमच्या घरी लावा आणि वासही तिकडंच ठेवा,’ बाई म्हणायच्या. एकदा लिंबाच्या पानांवरच्या अळ्या त्या काडीनं उचलून डबीत भरताना मी पाहिलं. म्हटलं, ‘फवारा मारून मोकळ्या व्हा की.’ तर म्हणाल्या, ‘मी मारत नाही सर. बदली करते.’ आणि खरोखरच ती डबी घेऊन ओढ्याकाठच्या कढीपत्त्यावर अळ्या सोडायला गेल्या. ‘दुर्गम भागात टाकू नका हं,’ मी म्हटलं. आम्ही खूप हसलो होतो... तेव्हा मी मुख्याध्यापक नव्हतो.

झालो, त्याच वर्षी संस्थेचे एक पदाधिकारी अचानक भेटीला आले. नारळ आणायला माणूस पाठवायलाही वेळ नव्हता. बाईंनी त्या दिवशी वर्गात दाखवायला एक अडेनियम आणलं होतं, तेच मी त्यांच्या हातातून घेतलं आणि पाहुण्यांना दिलं. पाहुणे खूश. ‘पुष्पगुच्छाऐवजी रोप! उत्तम उपक्रम आहे.’ त्या एका शब्दानं सगळं झालं. आमच्या खात्यात एखाद्या गोष्टीला उपक्रम म्हटलं की ती ज्याची असते त्याची राहत नाही. तिचा फोटो काढावा लागतो, अहवाल द्यावा लागतो, पुढच्या महिन्यात ती पुन्हा करावी लागते. पाहुणे येत राहिले आणि बाईंच्या गच्चीवरून कुंड्या येत राहिल्या. मग सभागृहाला क्रोशाचं तोरण. मग मुलींसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर विणकामाचा वर्ग. मग टाकाऊतून टिकाऊचं प्रदर्शन, त्याची सजावट, त्याची बातमी. बातमीत नाव शाळेचं आणि फोटोत मधोमध मी.

एकदा, एकदाच, त्या माझ्या खोलीत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, ‘सर, या वर्षी प्रदर्शन दुसऱ्या कुणाला द्या. मी दमते.’ मी मान वर न करता सही करत होतो. म्हटलं, ‘अहो, तुमचा तर छंदच आहे बाई. तुम्हाला कसलं ओझं?’ ‘तसं नाही सर...’ एवढं बोलल्या आणि गेल्या. दिवसभर शाळा अंगावर घेतल्यानंतर जी एक जागा शाळेपासून लपलेली होती तिथंच मी शाळा नेऊन बसवत होतो. हे मला तेव्हा कळलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. कळलं होतं. पण उपक्रम चांगला चालला होता.

आता जे सांगायचं ते मी अजून घरीही बोललेलो नाही. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे यायचे होते आणि रोप आणायला बाई विसरल्या. विसरल्या की आणलं नाही, कोण जाणे. त्या वर्गावर होत्या. मी आमच्या दत्ताला, शिपायाला, त्यांच्या घरी पिटाळलं. ‘चांगलं दिसेल ते उचलून आण.’ तो मोटरसायकलवरून घेऊन आला. ‘खालच्या काकूंनी किल्ली दिली सर. एकच लय डवरल्यालं व्हतं, त्येच आणलं.’ मोगरा होता. कुंडी जुनी, काठाला सिमेंटनं सांधलेली. मी ओळखला. बाईंच्या आईनं लावलेला मोगरा. आई अंथरुणावर होती तेव्हा बाई रोज त्याची फुलं उशाशी ठेवायच्या, मी भेटायला गेलो तेव्हा पाहिलेलं. वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. वेळ होता. कुंडीला चमकीचा कागद गुंडाळायला होता तेवढा वेळ होताच.

मंचावर मी तो मोगरा पाहुण्यांच्या हाती दिला. समोर शिक्षकांच्या रांगेत बाई. त्यांनी कुंडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनीही वाजवल्या.

मी दुसऱ्या दिवशी क्षमा मागणार होतो. मग परीक्षा आल्या. मग पाहुण्यांना फोन करून कुंडी परत मागवू का, असं चार वेळा मनात आलं आणि चारही वेळा लाज वाटली... कुणाची, तर पाहुण्यांची. बाई मात्र पूर्वीसारख्याच बोलत होत्या. फक्त सुई पर्समधून निघेनाशी झाली. पावसाळ्याच्या तोंडाला मी हळूच विचारलं, ‘बाग काय म्हणते?’ ‘वाळली सर सगळी. पाणी पुरत नाही वर.’ आणि मी काय म्हणालो असेन? ‘जरा लक्ष द्यायचं ना, बाई.’

पुढं एकदा त्या तापानं आजारी होत्या तेव्हा मी गेलो होतो. गच्चीवर डबे पालथे घालून एकावर एक रचलेले, शिंकी रिकामी. पटलं मला. त्याच सुमारास त्यांनी गुडघ्यांचं सांगितलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की फिजिओथेरपीला जायचं असतं, तेव्हा विणकामाचा वर्ग आणि सभा जमणार नाहीत. मी लगेच सूट दिली. मोठेपणा केल्यासारखी दिली. शनिवारी दुपारी पिशवी घेऊन घाईघाईनं फाटकातून बाहेर पडणारी बाईंची पाठमोरी आकृती मी खिडकीतून बघायचो आणि मनात म्हणायचो, थकल्या बिचाऱ्या.

अंत्यविधीला आम्ही शाळेतले काहीजण सांगलीला गेलो, पण घरात न शिरता स्मशानातूनच परतलो. त्यानंतर शोकसभा. सभेत ठरलं की शाळेच्या आवारात बाईंच्या नावानं स्मृतिउद्यान करायचं. ‘त्यांच्या हातची रोपं कुठं तरी असतीलच,’ कुणीतरी म्हणालं, ‘मुख्याध्यापकांनी नातेवाइकांकडं चौकशी करावी.’ कपाटातली त्यांची छत्री, स्वेटर आणि जादा चष्मा द्यायचाच होता. गेल्या पंधरवड्यात, शनिवार बघून, मी ते घेऊन सांगलीला निघालो.

दार बहिणीनंच उघडलं. बाई त्यांना अक्का म्हणत. ‘तुमीच ते सर व्हय?’ त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी पिशवी दिली. बोलायचं म्हणून म्हटलं, ‘गुडघ्यांनी फार त्रास दिला त्यांना शेवटी.’

‘कुणाच्या गुडघ्यांनी? मंगलच्या?’ अक्का हसल्याच. ‘अवो, शेणखताचं पोतं काखंत मारून जिना चढायची ती. माजंच गुडघं गेल्यात.’ माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं त्यांना, कुणास ठाऊक. जिन्याच्या दाराकडं बघत म्हणाल्या, ‘शाळंतलं कुणी आलं तर ह्ये दार लावून घे म्हणायची. पर आता काय लपवायचं? या वर.’

वर सगळं होतं. लिंबू, कृष्णकमळ, गवती चहा, अडेनियमची ओळच्या ओळ. सुतळीची शिंकी, नवी विणलेली. कठड्याला क्रोशाची अर्धवट झालेली झालर सुईसकट अडकवलेली. ‘दर शनवारी यष्टीनं यायची, रईवारी रातीला न्हाईतर सोमवारी पहाटं जायची,’ अक्का सांगत होत्या. ‘एकेक कुंडी मांडीवर घिऊन आणली साताऱ्यास्नं. कंडक्टर लय वैतागायचा. म्हनायचा, मावशी, झाडाचंबी हाफ तिकीट घ्या.’ मी त्या कुंड्यांमधून नुसता हिंडत होतो, एका जागी उभं राहवत नव्हतं. बाग वाचली याचा आनंद होता, शप्पथ होता. आणि ती माझ्यापासून वाचवावी लागली, चोरीच्या मालासारखी तालुक्यामागून तालुके ओलांडून न्यावी लागली, हेही समोर लोंबत होतं. मोगऱ्याचं मी अक्कांना सांगितलं. सगळं. कुंडी ओळखूनही दिली, हेसुद्धा. त्या ऐकत होत्या. ‘आईचा मोगरा मेला, एवढंच बोलली ती आमास्नी,’ म्हणाल्या. ‘तुमचं नाव न्हाई घेतलं.’

निघताना त्यांनी विचारलं, ‘एखादं रोप न्हेताय?’ मी नको म्हटलं. शाळेत विचारणा झाली तेव्हा सांगितलं, नातेवाइकांकडं काही नाही. स्मृतिउद्यानाला रोपवाटिकेतून रोपं येतील, नावाची पाटी लागेल, फोटोही निघेल. आता हे छापून आल्यावर मंडळी मला विचारतील की खोटं का बोललात. बाग आहे. गल्ली सांगणार नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी उन्हं कलल्यावर अक्कांनी आतून एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि लिंबाशेजारी, भिंतीकडं तोंड करून ठेवली. मला वाटलं, माझ्यासाठी. मी बसणार तेवढ्यात त्या घाईनं म्हणाल्या, ‘आवं, तिथं नगा. ती मंगलची.’ यष्टीतनं उतरून आली की ती चप्पलसुद्धा न काढता पयली तिथं बसायची म्हणे, भिंतीकडं बघत. चहा विचारला तरी बोलायची नाही. ‘मी म्हनायचे, बाय गं, बोल की काय तरी. तर हात करायची, थांब म्हनून. आठवडाभर बोलून बोलून तोंड शिणल्यालं असायचं न्हवं.’ मग केव्हातरी आपणहून उठायची आणि झारी घ्यायची. अक्का अजून दर शनिवारी खुर्ची मांडतात. पाणी घालायची वेळ होईपर्यंत तिच्याशी कुणी बोलत नाही.

मी कठड्यापाशी उभा राहिलो. खूप बोलायचं होतं. बोललो नाही.