सिपनेकाठची वाघीण आणि खुशालराव

मोर्शीत संत्र्याचा व्यापार करून नंतर अकोल्याला जठारपेठेत घर बांधलेल्या खुशालरावांना एक खोड होती. माहूरला गेले की ते शेगावच्या कचोरीविषयी बोलत आणि शेगावला गेले की माहूरच्या हवेविषयी.

गेल्या हिवाळ्यात ते बायकोला, सत्यभामाबाईंना घेऊन खापरदेवला गेले. मेळघाटात सिपना नदीच्या वळणावर वसलेलं हे जुनं गाव. दगडी वेस, भोसल्यांच्या काळातला म्हणतात तो घाट, टेकाडावर एक बुरूज आणि चहूकडे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. खुशालरावांनी पोचल्या पोचल्या गावाला नापास केलं.

"एवढी नदी अन् बोटिंग नाही! ही वेस पाडा, रस्ता रुंद करा, मंग पाहा पब्लिक कशी येते!"

चहावाल्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग कळलं, मोबाइलला रेंज नाही. खुशालरावांचा चेहराच उतरला. फोटो जठारपेठेत पोचणार नसतील तर फिरायला यायचं तरी कशाला? बुरुजावर रेंज मिळते असं कुणीसं सांगितलं, तसे ते धापा टाकत वर गेले.

सत्यभामाबाई घाटावर पाण्यात पाय सोडून बसल्या. ऊन कलत होतं. पलीकडच्या काठावर झाडीतून वाघीण उतरली, सावकाश पाणी प्याली. एकदा मान वर करून तिनं बाईंकडे पाहिलं आणि आली तशी निघून गेली. बाईंना ओरडायचं सुचलंच नाही.

खुशालराव खाली आल्यावर त्यांनी सांगितलं, "आवो, वाघीण आल्ती."

"मंग मले काहून नाही बलावलं?"

"तुमी फोनवर सांगून रायले होते, इथं पाहासारखं काहीच नाही म्हणून. साऱ्या नदीले ऐकू येत होतं."

अकोल्याला परतल्यावर आठवड्याभरात ती वाघीण खुशालरावांनी पाहिलेली होती. महिन्याभरात तिचा वाघ झाला, हाताच्या अंतरावर आला आणि खुशालरावांनी डोळे वटारताच शेपूट घालून पळाला. सत्यभामाबाई पाहुण्यांना चिवडा देत राहिल्या. एकदा शेजारच्या शालिकरामांनी विचारलं, "वहिनी, तवा तुमी कुठं होत्या?"

"मी त आलीच नव्हती," बाई म्हणाल्या. "हे अन् वाघ, दोघंच होते."

यंदा संक्रांत झाल्यावर बाईंनी पिशवी भरली, नणंदेला, पार्बताबाईंना सोबत घेतलं आणि एसटीनं निघाल्या.

"अन् मी?" खुशालरावांनी विचारलं.

"तुमी नोका येऊ. त्या जनावराले भेव वाटते तुमचं."

दोघी नदीकाठी चांगला मुक्काम करून आल्या. वाघ दिसला नाही. तक्रार कुणाचीच नव्हती.