कवळीच्या बाईंचं मिटलेलं तोंड

कुणाच्या घरात अबोला आहे, कुणाच्या सुनेचा पगार मुलापेक्षा जास्त आहे, हे मला विचारा. पण एका बाईंनी मला आयुष्यभर उपाशी ठेवलंय. शिंप्याच्या दुकानाशेजारून जो अरुंद जिना वर जातो, तो संपतो तिथे त्यांची खोली. बाई कवळ्या करतात. निम्म्या गावाचं हसू त्यांच्या हातचं, आणि एकाही माणसाचं नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. माझ्यासारखीला असली मैत्रीण म्हणजे नुसता छळ.

दाराला पाटी नाही. पाटी नाही म्हणूनच तर लोक येतात. वाटेत कुणी भेटलंच तर म्हणायचं, "शिंप्याकडे चाललोय." आमच्या गावात पँटी एवढ्या का उसवतात, याचं कोडं बाहेरच्या माणसाला कधी सुटलं नसतं.

हे सगळं सुरू झालं त्यांच्या सासऱ्यांपासून. सासरे कडक, घर त्यांच्या खोकल्यावर चालायचं. दात गेले तसे ते खोलीचं दार लावून एकटे जेवायला लागले. बाई तेव्हा नव्या सूनबाई. नवरा कवळ्या करायचा, पण बापाच्या तोंडात हात घालायची त्याची छाती नव्हती. मग माप घेतलं ते सूनबाईंनी. कवळी बसली, सासरे पुन्हा सगळ्यांबरोबर जेवायला आले आणि आल्याआल्या आमटीला नावं ठेवली. सुनेला मात्र एवढंच म्हणाले, "कुणाला सांगू नकोस हं." बाईंनी सासूलासुद्धा सांगितलं नाही. पुढे नवरा गेला, हत्यारं त्यांच्याकडे आली आणि ते "सांगू नकोस"ही आलं.

आता बाईंच्या जावईबापूंकडे वळू. मुलगा वाईट नाही. फक्त त्याला शांतता दिसली की तिथे भोंगा लावावासा वाटतो.

"आई, धंदा असा लपूनछपून करतात का?" तो म्हणाला. "लोकांपर्यंत पोचायला पाहिजे."

"पोचतात की लोक. जिना चढून."

तो हसला, आणि बाईंना न विचारता कुठूनतरी लाखभर पत्ते विकत घेऊन त्याने एकजात सगळ्यांना ईमेल धाडून दिला. 'बोलताना कवळी हलते? हसताना तोंडावर हात धरता? आजच या!' खाली पत्ता, नकाशा, आणि हौस म्हणून जिन्याचा फोटो.

झालं. ज्यांचे दात शाबूत होते ते भडकले. तालमीचे मास्तर भर रस्त्यात आपलेच दात हलवून दाखवत होते. आणि ज्यांच्या तोंडात खरंच कवळी होती, त्यांनी हसणंच बंद केलं. बायको, मुलं, नातवंडं, ज्याच्या हातात फोन त्याने ते वाचलं. प्रत्येकाला वाटलं, हे मलाच उद्देशून आहे, आणि बाईंनीच फोडलं. जिना एका रात्रीत सुना झाला.

शिंपी धापा टाकत वर आला. "बाई, माझंही गिऱ्हाईक गेलं हो! पँट घेऊन कुणी दुकानात शिरला की लोक आधी त्याचे दात बघतात!"

जावईबापू मात्र खूश. "उत्तरं आलीत, आई!" उत्तरांत बहुतेक शिव्याच होत्या. एकाने सासूसाठी कवळी मागवली होती, न उघडणारी. हे जावईबापूंनी स्वतःच्या सासूला वाचून दाखवलं, यावरून माणूस ओळखा. वर ज्यांचं काम खरोखर तयार होतं, त्यांना कळवावं तर बाईंचं पत्र आता न उघडताच कचऱ्यात जात होतं.

बाईंची मुलगी रडकुंडीला आली. "आई, जिना असाच ओस राहिला तर ही खोली सोडावी लागेल. त्यापेक्षा ह्यांना सगळ्यांची माफी मागणारा ईमेल पाठवू दे ना."

"सगळ्यांना?" बाईंनी घासत असलेली कवळी खाली ठेवली. "एकदा न विचारता लोकांच्या घरात घुसलात. आता माफी मागायला पुन्हा न विचारताच घुसणार? जावईबापू, ते पत्ते पुसा. माझ्यासमोर. आणि खोली मी सोडणार नाही. मी कुणाचं काही फोडलेलं नाही, मग मी का पळू?"

"पण आई, लोकांना हे कळणार कसं?"

"एकेक करून. जसे आले तसे."

पत्ते पुसले गेले. पण कुणी येईना. मी तेवढी जात होते. हो, माझीही आहे, वरची आणि खालची. माझ्या जाऊबाईंना हे वाचून आनंद होईल, होऊ दे.

एका दुपारी मी पडद्यामागच्या खुर्चीत बसले होते, मापाचा गुलाबी लगदा तोंडात गच्च भरलेला. तेवढ्यात दार वाजलं. आवाजावरून ओळखलं, ग्रंथालयातल्या बाई. बँकेतल्या साहेबांशी साठीत लग्न करणार म्हणून गावभर गाजत होत्या त्या.

"तुमचं ते पत्र साहेबांच्या फोनवर बघितलं मी," त्या म्हणाल्या. "विचारलं तर कानापर्यंत लाल झाले. खरं सांगा, ते येतात तुमच्याकडे?"

मी श्वास रोखला. लगदा होता म्हणून, नाहीतर मीच "सांगा, सांगा!" ओरडले असते.

"कोण येतं ते मी सांगत नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, मी त्यांची होणारी बायको!"

"असाल. मी माझ्या सासूलाही सांगितलं नव्हतं."

"बरं, असं करा. तुम्ही सांगा, मी वाचकमंडळातल्या सगळ्या बायकांना तुमच्याकडे पाठवते. तुमचा जिना पुन्हा भरेल."

"नको. रिकामाच बरा. त्यांना विचारायचं ते त्यांना विचारा. जाताना दार ओढून घ्या."

दार काही वाजलं नाही. मग एक ओळखीचा आवाज आला, चप्प असा, ओला. तो आवाज मी रोज रात्री स्वतः करते.

"मग ही बघा," ग्रंथालयातल्या बाई बोबड्या स्वरात म्हणाल्या. "दुसरीकडची आहे. फार टोचते. त्यांना माहीत नाही. आणि तुम्ही सांगणार नाही, एवढं आता कळलं मला."

त्यानंतर वाचकमंडळातल्या बायका एकेक करून 'ब्लाउज सैल करायला' शिंप्याकडे यायला लागल्या. शिंपी पुन्हा माणसात आला. खोली आहे तिथेच आहे, पाटी अजून नाही.

लग्नाच्या फोटोत दोघं तोंडभर हसतायत. मी भिंग लावून पाहिलं, साहेबांचं काही कळेना. शेवटी न राहवून बाईंनाच विचारलं, "आता तरी सांगा, साहेबांचे खरे की तुमचे?"

"आ करा," बाई म्हणाल्या, आणि माझ्या तोंडात लगदा भरला.