तासभर डोक्यावर

माझ्या थोरल्या भावाला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून कोकिळावहिनी शिवणावर घर चालवतात. निम्मं काम लोधीपुऱ्यातल्या सादिका आपांकडून येतं. आपा कापड पाठवतात, वहिनी हिजाब बेतून कडेला पिको करून देतात आणि आपा ते घरोघर विकतात.

वहिनींची एक पद्धत आहे. नवं कापड आलं की पहिला हिजाब त्या स्वतः बांधतात आणि तासभर घरकाम करतात. पोळ्या लाटतात, वाकून फरशी पुसतात. घसरला, कानामागे टोचला, गळ्याशी घाम धरला, तर कापड परत.

"आरशासमोर बघून भागत नाही का?" मी एकदा विचारलं.

"आरशासमोर कोणती बाई पोळ्या लाटते, भाऊजी?"

मार्चमधल्या एका गुरुवारी भाजी चुलीवर होती आणि घरातलं मीठ संपलं. डोक्यावर हिजाब आहे हे विसरून वहिनी कोपऱ्यावरच्या निंबाच्या दुकानात गेल्या. निंबा त्यांना बावीस वर्षं वहिनी म्हणतो. त्या दिवशी त्यानं नीट वरही न पाहता "क्या चाहिए?" विचारलं आणि मिठाचा पुडा फळीवरून सरकवून दिला. आवाज ओळखल्यावर ओशाळला. वहिनींनी घरी येऊन आधी भाजीत मीठ घातलं.

"आपाला हे रोजचं आहे," मग म्हणाल्या. "आणि मी तिला इतकी वर्षं फक्त घाम येतो का एवढंच विचारत होते."

तेव्हापासून लोधीपुऱ्यात माल द्यायला जाताना त्या मुद्दाम हिजाब बांधू लागल्या. कपाळावरची टिकली तशीच. तिथल्या बायका आधी तोंडावर हात धरून हसल्या, मग घरात बोलावू लागल्या. एकीनं विचारलं, संक्रांतीला वाण कशासाठी लुटता? वहिनींनीही मनात असलेलं बरंच विचारून घेतलं. घरी येऊन मला सगळं सांगायच्या. मी ऐकायचो आणि खिडकी लावून घ्यायचो. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरलेत. या वयात कुणाच्या डोळ्यावर यायची मला भीती वाटते, ती मी लपवत नाही.

एप्रिलच्या सोळा तारखेला दुपारी दोन वाजता गिरणीच्या ऑफिसात माझा मोबाइल वाजला. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. वहिनी हिजाब घालून आपांच्या ओट्यावरून उतरताहेत, मागे निळं दार स्पष्ट दिसतंय. खाली लिहिलेलं: 'आपल्या बायकांना कोण फितवतंय? आज पाचला जाब विचारायला जायचं.' टाकणारा होता दिगंबर, गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्त करणारा.

अर्धी रजा टाकून मी घरी पोचलो तेव्हा वहिनी आरशासमोर टाचण्या लावत होत्या.

"वहिनी, आज नको. हात जोडतो."

"ते माझ्या घरी येणार नाहीत, भाऊजी. आपाच्या दारात जाणार आहेत."

मी चपला घातल्या.

आपांनी दार चार बोटं उघडलं.

"कोकिळाबाई, उतार दो वो. अंदर मेरी दो लड़कियाँ हैं. कल से माल भी किसी और के हाथ भेजो."

"आत्ता उतरवला तर म्हणतील, खरंच काहीतरी होतं. तू कडी लाव. मी इथंच बसते."

कडी लागली. वहिनी ओट्यावर बसल्या. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. तिथल्या गल्लीतली दारं एकेक करून बंद झाली.

पाचला सात मिनिटं असताना तीन मोटारसायकली आल्या. सहा जण. दिगंबर पुढे होता.

"काकी, तुम्ही? सांगा ना, कोनी जबरदस्ती केली का?"

"केली की. या कापडानं केली. वाकले की घसरतं मेलं."

मागचा एक जण फिसकन हसला. दिगंबरनं त्याच्याकडे वळून पाहिलं.

"मजाक नाही काकी. लोक विचारतात."

"मग सांग त्यांना. शिवते ते आधी मी बांधून बघते. तू दुरुस्त केलेला फोन कानाला न लावताच गिऱ्हाईकाला देतोस का? आणि दारात यायचं तर माझ्या ये. हे दार तिचं आहे. काम मी तिच्याकडे मागायला गेले होते, ती माझ्याकडे आली नव्हती."

दिगंबरची नजर निळ्या दारावर खिळली होती.

"तो व्हिडिओ काढून टाक," वहिनी म्हणाल्या.

"माझा काढतो. पन पुढं कुठं कुठं गेला, ते माझ्या हातात नाही, काकी."

गाड्या वळल्या. आवाज विरल्यावरही कडी उघडायला बराच वेळ लागला. आपांनी पाण्याचा पेला बाहेर दिला. निम्मं पाणी ओट्यावर सांडलं.

"शुक्रवारी येते," वहिनी म्हणाल्या.

आपांनी रिकामा पेला घेतला आणि दार पुन्हा चार बोटांवर आणलं.

परत येताना मागून एक मोटारसायकल हळू होत आली. मी मान वळवली नाही. वहिनींचा हात हिजाबाकडे गेला, क्षणभर थांबला आणि सुटलेली टाचणी बसवून खाली आला. गाडी शेजारून पुढे निघून गेली. कोण होतं, ते आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.