फेडरेशनची की क्लबची

आमच्या मुलीनं घोडी घेऊन कुठल्या स्पर्धेत उतरायचं, यावर आमच्या घरी बरेच महिने खल चालला होता. वाटा दोनच होत्या. एक फेडरेशनची. तिथं मुलाची नोंदणी, घोड्याचा पासपोर्ट, पशुवैद्याची तपासणी, आणि तिथला निकाल पार राष्ट्रीय पातळीपर्यंत धरला जातो. दुसरी क्लबची. ती दोनचार रायडिंग स्कूलं मिळून होसकोट्याच्या पुढं एका फार्मवर भरवतात. तिथला निकाल संध्याकाळपर्यंत टिकतो, आणि अडथळे पाडणाऱ्यालाही रिबन मिळते. मी क्लबच्या बाजूची होते. नववीतल्या पोरीला शाळेचा ताप काय कमी असतो? नवरा फेडरेशनच्या बाजूचा. ‘करायचं तर नीट’ हे तो फोडणीबद्दलही म्हणतो. शेवटी मुलीनंच सांगून टाकलं, तिला खरी स्पर्धा हवी होती. जिथं हरलं तर हरलं म्हणतात, तिथं तिला उतरायचं होतं. मी नोंदणीचा फॉर्म भरला.

मग गणपतीच्या आधी माझ्या सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. मी ऑफिसला जात होते, डबे भरत होते, लोक भेटायला आले की चहा टाकत होते. रडू आलं नाही. यायला हवं होतं, आमचं चांगलं पटायचं, पण आतून काही हललंच नाही. मुलगी पहाटे उठून सराव करून यायची आणि बूट गॅलरीत ठेवून आंघोळीला जायची. सासरे आवाज बंद करून टीव्ही बघत बसायचे. इथं कन्नड मुलखात, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात त्यांनी जन्म काढला. घरात कामाशिवाय बसलेलं मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

दिवाळी करायची नव्हतीच. पण एक दिवस सासरे इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात गेले आणि पिशवी भरून सामान घेऊन आले. तांदूळ भिजत घातले. अनारसे हे सासूबाईंचं खातं. त्या असताना सासऱ्यांना कढईजवळ उभं राहायचीही परवानगी नव्हती. पहिला घाणा तुपात पडला आणि हसला, सगळे अनारसे विरघळून गेले. दुसराही हसला. मी म्हटलं, “अण्णा, राहू द्या आता.” ते म्हणाले, “सरी, बरं, एक शेवटचा घालतो.” तो जमला. खसखशीची बाजू वर, जाळी पडलेली, अगदी सासूबाईंच्या हातच्यासारखी. आम्ही चौघं उभ्या उभ्याच ते खात राहिलो. चव चांगली होती एवढं मला कळलं.

फेडरेशनची स्पर्धा दिवाळीला लागूनच होती. आदल्या दिवशी सासरे उरलेल्या पिठाच्या अनारशांचा डबा घेऊन आमच्याबरोबर तबेल्यात आले. सईसांना वाटून झाले, मग घोडीकडं वळले. ती रेसमधून निवृत्त झालेली, तपकिरी, स्वभावानं चिडकी. मुलीशिवाय कुणाशी धड वागायची नाही. पण सासऱ्यांच्या हातून तिनं तीन अनारसे खाल्ले आणि तळहातावरची खसखस चाटून चाटून साफ केली. मुलगी खदखदून हसली. सासूबाई गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती. नवऱ्यानं फोटो काढला. बाहेरचं काही खायला घालू नये असं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि आम्ही सगळे त्याच भिंतीला टेकून उभे होतो. बाहेरचं म्हणजे बाहेरच्यांचं, असाच आम्ही अर्थ घेतला. दिवाळीचा फराळ कुणी बाहेरचा धरतं का?

दुसऱ्या दिवशी मुलगी तिसरी आली. उत्तेजकांच्या तपासणीसाठी नमुना घ्यायला घोडीचीच पाळी लागली. एक माणूस भांडं धरून उभा राहिला आणि ती लघवी करेपर्यंत शीळ घालत राहिला. सासऱ्यांना त्याचं फार हसू आलं. घरी येऊन त्यांनी गल्लीत सगळ्यांना पदक दाखवलं. म्हणाले, “फेडरेशनचं आहे. ऐरागैरा काम नव्हे हे.”

काही आठवड्यांनी मुलीच्या घोडेस्वारीच्या सरांचा फोन आला. घोडीच्या नमुन्यात मॉर्फिन सापडलं होतं. मला वाटलं चुकीचा नंबर लागला. सरांनी शांतपणे विचारलं, घोडीनं कुठं खसखस खाल्ली का? खसखशीतून असं होतं, ते म्हणाले, पूर्वीही झालेलं आहे. निकाल रद्द होणारच, वर मुलीवर बंदी येईल. पण ज्यांनी खायला घातलं त्यांनी स्वतः चौकशीत येऊन सांगितलं, तर बंदी टळू शकेल. नाहीतर क्लबच्या स्पर्धा आहेतच, तिथं कुणी विचारत नाही.

नवरा लगेच उठला, सासऱ्यांच्या खोलीकडं निघाला. मुलगी दारात आडवी उभी राहिली.

“अज्जाला सांगायचं नाही.”

“अगं, एवढंच तर सांगायचंय. ते आनंदानं येतील.”

“येतील. मग परत टीव्ही लावून बसतील.”

“आणि बंदी?”

“असू दे.”

तिचा आवाज चढला नाही. नवरा माझ्याकडं बघत राहिला. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता, निदान तिच्यासाठी वाईट तरी वाटायला हवं होतं. दोन्ही वाटलं नाही. मी जाऊन कुकर लावला. सरांना आम्ही कळवलं की आम्हाला काही सांगायचं नाही. मी आधीपासून मागत होते तेच झालं, मुलगी क्लबच्या स्पर्धांना जायला लागली.

सासऱ्यांना तिनं सांगितलं, फेडरेशनमध्ये स्वल्प बोअर होतं. त्यांना ते काही पटलं नाही. ते रोज विचारायचे, पुढची फेडरेशनची कधी? मग विचारेनासे झाले.

होसकोट्याला ते आमच्याबरोबर आले. प्लास्टिकच्या खुर्च्या, इडलीचा स्टॉल, स्पीकरवर गाणी. अडथळे इतके बुटके की घोडी कंटाळूनच गेली त्यांच्यावरून. मुलीनं एकही पाडला नाही. पहिली आली, आणि शेवटून पहिला आलेल्या मुलालाही तिच्याएवढीच मोठी रिबन मिळाली. ती खाली उतरून आमच्याजवळ आली आणि खोगिराचा तंग सैल करायला लागली. चेहऱ्यावर काही नव्हतं. तो चेहरा मला ओळखीचा वाटला, कारण तसाच घेऊन मी किती महिने वावरत होते.

शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी कन्नडमध्ये कौतुक केलं, एवढी छान बसते, मोठ्या स्पर्धांना का नाही पाठवत? सासरे म्हणाले, “पाठवलं होतं की, अक्का. हात चांगला आहे तिचा. पण जिगर कमी पडली. एकदाच गेली आणि घाबरली.”

ती तिथंच होती, हातभर अंतरावर. मला ते लागलं, कितीतरी दिवसांनी. मी बोलायला तोंड उघडलं. मुलीनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, नाही.

मग त्यांना म्हणाली, “हो अज्जा, घाबरले मी.” आणि लगाम त्यांच्या हातात देऊन पाणी प्यायला गेली.