थोरली कापली, धाकटी विकली

माझ्या मुलीला ही केस तोंडपाठ आहे. घरी पाहुणे आले की ती मुद्दाम विषय काढते, "बाबा, त्या दोन बहिणींना सोडवायला गेला होतात, ते सांगा ना!" पाहुणे हसतात, मीही हसतो. पण त्या दुपारी मी घेतलेला निर्णय चुकीचा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. नावं अर्थातच देत नाही.

तेव्हा मी उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे निरीक्षक होतो. ठाणे अंमलदार डबा उघडून बसायच्या वेळेला एक टेम्पोवाला आला. फर्निचर बाजारात माल पोचवणारा, माझा जुना खबरी. बातमी पोकळ असली की खबरी आधी चहा मागतो, हा माझा अनुभव. हा उभ्या उभ्याच बोलला.

"साहेब, बदलापूरजवळ जांभूळला माल उचलायला गेलतो. गोदामात एक म्हातारा शेठवर जाम भडकलेला. बोलला, 'थोरलीला कापली. आता धाकटीला पण थोरलीच्या नावावर विकताय. हे पाप कुठं फेडाल?' आईशप्पथ, माझ्या कानांनी ऐकलं."

"शेठ काय म्हणाला?"

"शेठ बोलला, 'आवाज बंद, नायतर तुझा जावई आत जाईल.'"

एका बहिणीचा खून आणि तिच्या कागदपत्रांवर दुसरीची विक्री. मयत मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या मुलीचं वय वाढवल्याचं एक प्रकरण मी आधी हाताळलं होतं, त्यामुळे मला दुसरा अर्थ सुचलाच नाही. स्टेशन डायरीला नोंद केली, बदलापूरच्या ठाण्याला कळवलं, एक हवालदार, दोन महिला पोलीस आणि दोन पंच घेऊन खासगी गाडीने निघालो. मुलींसाठी काम करणाऱ्या एक बाई बदलापुरात कात्रपला राहायच्या, त्यांना वाटेत घेतलं. मुलींना लागतील म्हणून त्यांनी दोन ड्रेस पिशवीत टाकले होते.

गोदामात मुली नव्हत्या. लाकडी दारांच्या रांगा होत्या, गोल खिडक्या होत्या, पितळी कठडे, खुर्च्या, काही जाडजूड लोखंडी दारं आणि कोपऱ्यात नारिंगी जॅकेटांचा ढीग. मधोमध सत्तरीचा एक सुतार रंधा मारत बसला होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत.

"थोरली कुठे आहे?" मी दरडावलं.

"कापली, साहेब. गुजरातच्या किनाऱ्यावर."

"कोणी कापली?"

"गॅसकटरवाल्यांनी."

"आणि धाकटी?"

मिस्त्रींनी शेठकडे, म्हणजे गोदामाच्या मालकाकडे बघितलं आणि मान खाली घातली. मालक मात्र हसत पुढे आला. "अहो साहेब, बोटी आहेत त्या! क्रूझ! जोडीच्या बोटी. इंग्रजीत पण सिस्टरच बोलतात त्यांना." माझ्यामागे हवालदाराला खोकला आला. तो खोकला नव्हता, हे मला चांगलं कळत होतं.

मालकाने फाईल समोर धरली. भंगारात निघालेल्या जहाजाचा माल रीतसर घेतल्याच्या पावत्या, चलनं, शिक्के. सगळं चोख. तिथे येऊन थांबलेले बदलापूरचे सहकारी म्हणाले, "चला साहेब, चहा घेऊ." पण बोट भंगारात निघाली म्हणून कोणी कोणाचा जावई आत घालायची धमकी देत नाही. मी मालकाला गोदामातच बदलापूरच्या दोन शिपायांच्या नजरेखाली बसवलं आणि मिस्त्रींना चौकशीला ठाण्यात आणलं.

कारागिराला कधी गुन्ह्याबद्दल विचारू नये, कामाबद्दल विचारावं. मी म्हणालो, "मिस्त्री, बसा. बोटींचं सांगा." अंबरनाथ पश्चिमेला राहणारा हा माणूस उभं आयुष्य त्या दोन जहाजांवर सुतारकाम करत होता. तास कसा गेला कळलं नाही. परदेशात एकाच गोदीत, एकाच नकाशावर बांधलेली ती जोडी. थोरली आधी पाण्यात उतरली, धाकटी वर्षभराने. खोल्या साठेक. आजच्या क्रूझपुढे होड्याच म्हणायच्या. वय झाल्यावर दोघी मुंबईला आल्या. एक गोव्याला निघाली की दुसरी दीवहून परतायची. डेकवर लग्नं लागली, मुंजी झाल्या. थोरली जरा डाव्या अंगाला कलायची, पण शांत. धाकटीच्या इंजिनाची कटकट फार.

"आता धाकटी कुठे?"

"मुंबई बंदराबाहेर समुद्रात नांगरून ठेवलीय. कंपनी बुडाली. कोर्टाचा हुकूम आहे, हलवायची नाय, त्यातलं काय काढायचं नाय. पाच-सहा माणसं राखणीला आहेत."

"त्यात तुमचा जावई?"

त्यांनी कप खाली ठेवला. "राखणीला आहे. मीच लावला त्याला तिथं."

आता सगळं उघड होतं. थोरलीच्या पावत्या दाखवून धाकटीतला माल विकला जात होता. पण सिद्ध कसं करायचं? दोघींचा पेला न् पेला सारखा. फरक सांगू शकणारा एकच माणूस माझ्यासमोर होता आणि तो बोलला असता तर लेकीचा नवरा गजाआड गेला असता. समजावलं, आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही. मग मला कोपऱ्यातला ढीग आठवला.

"मिस्त्री, ती नारिंगी जॅकेटं कोणत्या बोटीची?"

त्यांनी रिकामा कप पुन्हा उचलला.

"बुडताना अंगात घालायची ना ती? आणि ती लोखंडी दारं आग अडवायची. धाकटीची असतील, तर तुमचा जावई आज तिथे कशाच्या भरवशावर झोपणार आहे?"

म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला.

"त्या जॅकेटांना टेकून मी रोज डबा खातो, साहेब. डोक्यात फक्त पोलीस होते. हे डोक्यातच नाय आलं." त्यांनी डोळे पुसले. "त्याला सोडाल?"

"वचन देत नाही. जिवंत आणतो."

"मग दारांची वरची कड बघा."

एकदा दोन्ही जहाजं एकाच वेळी दुरुस्तीला लागली होती आणि उतरवलेली दारं एकमेकांत मिसळली. नकाशा एक असला तरी वापरलेलं दार आपल्याच चौकटीत नीट बसतं. तेव्हापासून मिस्त्रींनी प्रत्येक लाकडी दाराच्या माथ्यावर पटाशीने अक्षर कोरलं होतं, थोरलीला 'थो', धाकटीला 'धा'. तिथे रंगारीसुद्धा ब्रश फिरवत नाही.

पंचांना घेऊन आम्ही पुन्हा गोदामात गेलो. एक महिला पोलीस स्टुलावर चढली, बोटाने धूळ पुसली आणि मोठ्याने वाचू लागली, "धा. धा. धा. धा." मघाचा खोकलेला हवालदार म्हणाला, "साहेब, तबलाच वाजतोय." मालकाचं हसू गेलं. पंचनामा झाला, बंदरातल्या पोलिसांना फोन गेला आणि दिवस मावळायच्या आत धाकटीवरची सगळी माणसं किनाऱ्यावर आली. जावई ताब्यात आला. त्याने जबाब दिला: "शेठ बोलला, बोट चालतच नाय तर ती जॅकेटं कशाला पायजेत? मला पटलं."

प्रशिक्षणाच्या वर्गात मला विचारतात, या केसने काय शिकवलं? मी सांगतो, खबर पूर्ण खरी ठरली नाही तरी धावून जाण्यात कमीपणा नाही. आणि माणूस तोंड उघडत नसेल तर तो कोणाला वाचवतोय ते शोधा. मग ज्याला वाचवतोय तो खरंच वाचतोय का, ते त्याला दाखवा. पोरं लिहून घेतात. पुढचं मी वर्गात सांगत नाही.

जावयाला जामीन मिळाला. दर सोमवारी आमच्या ठाण्यात हजेरी होती. मिस्त्रींची लेक त्याच्यासोबत यायची. मिस्त्रीही यायचे, पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. अटकेपासून तिने बापाशी बोलणं टाकलं होतं. एका सोमवारी ती सरळ माझ्या टेबलापाशी आली.

"माझ्या बापाच्या तोंडून माझ्याच नवऱ्याला पकडवलंत, साहेब. बरं वाटलं?"

मला राग आला आणि वाईटही वाटलं. फाईल उघडली आणि जहाजाच्या पंचनाम्याचा एक फोटो तिच्यापुढे सरकवला. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना दारं नसलेल्या चौकटी, भिंतीवर रिकामे हूक आणि खाली अंथरलेली एक सतरंजी. ती सतरंजी तिने घरून दिलेली असावी, कारण तिने बोट नेमकं तिच्यावरच ठेवलं.

"हा इथं झोपायचा?"

"रोज."

तिने फोटो माझ्याकडे परत सरकवला. मग बाहेर गेली, बाकाच्या त्या टोकाला थांबली आणि म्हणाली, "बाबा, उठा. आमच्याकडंच जेवायला चला."